तिचा अभ्यास आणि तुझी बाग

पत्र

ताई, मी निफाड तालुक्यातला. वय 27. चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, वडील आणि मी मिळून बघतो. ती आणि मी नाशिकला कॉलेजात एका वर्गात होतो. आमचं जमलं त्याला सहा वर्षं झाली. दोन्ही घरी माहीत आहे, विरोध नाही. तीन वर्षांपासून ती पुण्यात एमपीएससी करते. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षेला थोडक्यात राहिली. आता म्हणते, अजून दोन वर्षं दे. इकडे आई रोज विचारते. गावात म्हणतात, पोस्ट निघाली की पोरगी बदलते. मागच्या महिन्यात काढणीला पंधरा दिवस असताना अवकाळी आला. त्या रात्री मी तिला चार फोन केले, तिने उचलले नाहीत. सकाळी म्हणाली, आज टेस्ट आहे, फोन बंद ठेवून लवकर झोपले होते. मी बोलून गेलो, 'तुझं पुस्तक कुठे पळून जाणार होतं का?' ती म्हणाली, 'तू तिथे अडकलायस म्हणून मलाही अडकवू नकोस.' तेव्हापासून वीस दिवस 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच चाललंय. तिला सरळ सांगू का, की एक वर्ष देतो, नंतर माझा मार्ग मोकळा?
– एक बागाईतदार

उत्तर

प्रिय बागाईतदार,

तू वहीच्या पानांवर पत्र लिहून त्यांचे फोटो पाठवलेस. वर त्याचा सारांश छापलाय, पण मी चारही पानं दोनदा वाचली. शेवटच्या फोटोत कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय. नखाच्या कडेला निळसर डाग आहे, बोर्डो या फवारणीच्या औषधाचा असणार. दिवसभर फवारणी करून आल्यावर जो चार पानं लिहायला बसतो, त्याला 'सोड तिला, दुसरी मिळेल' हे ऐकायचं नसतं. तसलं काही मी सांगणारही नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नको. 'एक वर्ष देतो' असं तिला म्हणू नकोस. वर्ष पुरेल की नाही पुरणार हा प्रश्नच नाही, माझी अडचण त्या 'देतो'शी आहे. तिचं वर्ष तुझ्या खिशात नाही, मग तू ते देणार कुठून? आणि तिचं 'दोन वर्षं दे' हेही तितकंच चुकलेलं. सोसायटीकडे कर्जाला मुदतवाढ मागावी तशी तुम्ही एकमेकांकडे वर्षं मागताय. त्यात एक जण सावकार होतो, दुसरा कर्जदार. तुझ्या पत्रात 'मी तिच्यासाठी थांबलोय' हे वाक्य तीनदा आलंय. तू खरंच थांबलायस, ते मला दिसतं. पण थांबल्याची नोंद ठेवायला लागलं की एक दिवस व्याजही मागितलं जातं. त्या सकाळी तू जे बोलून गेलास ते व्याजच होतं.

तुला वाटतं ती पुढे ढकलतेय. तिच्या बाजूने जरा तारखा बघ. 2024 ची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा 28 एप्रिलला ठरली होती. ती पुढे गेली, पुन्हा गेली, मग 25 ऑगस्ट ठरली. त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली, पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, तीही तारीख गेली आणि पेपर झाला 1 डिसेंबरला. सात महिने! तुझ्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून सात महिन्यांत माल निघतो, व्यापाऱ्याशी भांडण होतं, पैसेही येतात. तिने ते सात महिने त्याच खुर्चीवर तोच इतिहास पुन्हा वाचत काढले. त्यावर 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आधी बहुतेक पेपर पर्यायाचे गोल काळे करायचे होते. आता नऊ पेपर हाताने लिहायचे. त्यातले दोन भाषेचे नुसते पास व्हायचे, उरलेल्या सातांचे 1750 गुण आणि वर मुलाखतीचे 275. विचार कर, तू रोपं लावलीस, मांडव उभा केलास, आणि पहिला बहर धरायच्या वर्षी कुणी येऊन म्हणालं की आता इथे डाळिंब लाव. ती दोन वर्षं म्हणाली तेव्हा ती तुला टाळत नव्हती. नवीन लागवडीला जेवढी लागतात तेवढी सांगत होती.

तिच्याकडूनही एक राहिलंय, ते लपवत नाही. या परीक्षेला वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. म्हणजे 'आता थांब' असं आयोग तिला येती दहा-बारा वर्षं तरी सांगणार नाही. ते तिलाच ठरवावं लागेल, आणि निकाल लागायच्या आधी, डोकं शांत असताना. किती प्रयत्न, त्यानंतर काय. हे विचारायचा तुला हक्क आहे. फक्त 'नाही निघाली तर मग काय करणार?' असं विचारू नकोस. त्या प्रश्नात 'निघणार नाहीच' हे आधीच ऐकू येतं, आणि ते तिने काकांपासून मेसवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांकडून ऐकलेलं असणार. 'पोस्टशिवाय तुला काय करायला आवडेल?' असं विचार. तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले, ते. तुमची त्या सकाळची दोन वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहून बघितली. 'तुझं पुस्तक कुठे पळून जाणार होतं का?' 'तू तिथे अडकलायस.' भांडणात निघालेली वाक्यं सहसा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल असतात. तुमची एकाच गोष्टीबद्दल आहेत. तुझ्या लेखी तिचा अभ्यास म्हणजे आलेला ताप, उतरला की ती निफाडला येईल. तिच्या लेखी तुझी बाग म्हणजे बरं काही मिळेपर्यंतचा थांबा, बाप थकला म्हणून तू तिथे राहिलास एवढंच. दोघंही एकमेकांचं काम तात्पुरतं धरून चाललाय. म्हणून तुमचा प्रत्येक फोन 'कधी संपणार' या एका प्रश्नावर येऊन आदळतो.

आणि संपणार काय आहे? समज तिची निवड झाली. राज्यात सहा महसुली विभाग आहेत, पहिलं पोस्टिंग नाशिक विभागातच मिळेल याची खात्री नाही. मिळालं तरी बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात एका जागचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. म्हणजे आज नंदुरबार, मग अहिल्यानगर, मग आणखी कुठे. आणि तुझी वेल? एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं जागची हलत नाही. तुझ्या डोळ्यापुढे चित्र आहे की ती नाशिकच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी येईल. तिच्या डोळ्यापुढे कदाचित असं असेल, की तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टर आहे, तू तिच्यासोबत आहेस आणि बाग कुणीतरी वाट्याने करतंय. तुम्ही एकमेकांना ही चित्रं कधी दाखवली आहेत का? पोस्ट निघाली की अंतर संपेल असं दोघांनी धरून ठेवलंय. खरं अंतर तर तेव्हाच सुरू होईल.

याचा अर्थ जमणार नाही असा नाही. अशी घरं आहेत, तुमच्या पट्ट्यातही असतील. बाई नोकरीच्या गावी, नवरा बागेत, शनिवारी रात्री एका ताटावर. त्यातली काही फार चांगली चालतात, कारण दोघांनी ती तशीच मागून घेतलेली असतात. काही कुढत चालतात, कारण एकाला वाटत असतं की हे दोन वर्षांचंच आहे. तेव्हा 'दोन वर्षं की एक' हे बाजूला ठेवा. पंधरा वर्षं असं राहायची तयारी आहे का, मूल कुणाजवळ राहील, पिंपळगावच्या मार्केटात तुला कुणी 'मॅडमचे मिस्टर' म्हटलं तर तुझ्या पोटात काय होईल, आणि घड औषधात बुडवायच्या, डिपिंगच्या आठ दिवसांत तिच्या ऑफिसात दौरा असेल तर कुणी कुणावर रुसायचं नाही, हे बोला. कठीण आहे. पण हे बोलताना तुम्ही एका बाजूला असाल, आत्ता समोरासमोर आहात.

माझं थोडं सांगते. नव्वदच्या सुमारास मी चिपळूणजवळच्या एका गावात शिक्षिका होते. ज्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता तो पिंपरीला कारखान्यात होता. गावात फोन नव्हता. रविवारी मी बाजारपेठेत मावशीकडे मुक्कामाला जायचे, कारण रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पावपट व्हायचा. अकराच्या ठोक्याला बूथबाहेर सात-आठ जण उभे असायचे. आत काचेच्या खोलीत डोळ्यांसमोर मीटर, लाल आकडे पळायचे. मीटर बघत बोललं की माणूस बरं तेवढंच सांगतं. 'मी मजेत', 'इकडे सगळं ठीक'. मी कोल्हापूरला पुढे शिकायचा अर्ज भरला होता, ते त्याला सांगितलं नाही. त्याचं आखातात जायचं ठरत आलं होतं, ते त्याने मला सांगितलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दोघांनाही वाटायचं, एवढ्याशा वेळात कशाला दुखवायचं. शेवटी मला त्याच्या बहिणीकडून कळलं आणि त्याला माझ्या मुख्याध्यापकांकडून. साखरपुडा मोडला. मोडल्याचं दुःख काळाने गेलं, पुढे माझं घर झालं, छान झालं. पण ते अकरा महिन्यांचे रविवार अजून बोचतात. तेवढ्या पैशांत मी त्याला दोन खरी वाक्यं सांगू शकले असते.

तुमच्या फोनला मीटर नाही, तरी तुम्ही मीटर लावल्यासारखं बोलता. तू लिहिलंयस, रोज रात्री साडेदहाला फोन, दहा मिनिटं. त्या वेळी तुझं अंग दुखत असतं आणि तिचे डोळे चुरचुरत असतात. उरलेलं, वाळलेलं तेवढंच एकमेकांच्या वाट्याला येतं. रोजचा फोन बंद करा, असं मी सुचवेन. आठवड्यातून दोनदा बोला, पण पहाटे. तू साडेपाचला बागेत असतोस, ती सहाला अभ्यासिकेत जाते. चालता चालता अर्धा तास. बाकीचे दिवस फोटो, दोन ओळी, काहीही. फोन आला नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही, असं आधीच ठरवून टाका.

आणि तिसरं पान. तिथे तुझं अक्षर बदलतं. बाकी पत्रात तू जपून लिहिलंयस, तिथे सुटलायस. एका एकरावर प्लास्टिक कव्हर घालायचं, रंगीत वाण लावायचं, व्यापाऱ्याच्या दारात उभं न राहता स्वतःचा माल पॅक करून बाहेर पाठवायचा. खर्च मांडलायस, कुठून उभा करायचा तेही लिहिलंयस. अडकलेला माणूस असं लिहीत नाही! आणि खाली एक ओळ: 'हे तिला सांगितलं नाही, तिला वाटेल मी आता इथून कधीच हलणार नाही.' अरे, तू हलणार नाहीसच. हलायची तुझी इच्छाही नाही. तुला ती बाग मोठी करायची आहे. सहा वर्षं जिच्यावर जीव लावलास तिला तुझी सगळ्यात मोठी इच्छा माहीत नाही, आणि तू मात्र तिला विचारतोस की तुझं पुस्तक पळून जाणार होतं का. ती 'अडकलायस' म्हणाली ते तुला लागलं, लागायलाच हवं होतं. पण तिला दुसरं काही दिसावं असं तू तिला दाखवलंस कुठे?

भीतीचंही बोलू, कारण पत्रात ती सगळीकडे आहे. 'पोस्ट निघाली की पोरगी बदलते.' 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले होते, मुली मिळत नाहीत म्हणून. लोकांनी ते करमणूक म्हणून बघितलं. मला ते फोटो बघवले नव्हते. शेती करणाऱ्या मुलाला आज मुलीकडचे काय विचारतात ते मला ठाऊक आहे, आणि 'ही गेली तर मला कोण देणार' हा विचार तुला रात्री येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या भीतीला 'एक वर्षाची मुदत' असा पोशाख घालून तिच्यासमोर उभी करू नकोस. आहे तशी सांग: 'मला भीती वाटते की तू अधिकारी झालीस की मी तुला कमी वाटेन.' ती यावर काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. गावातलाही कुणी सांगू शकत नाही. तिला एकटीलाच ते सांगता येईल, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

आईला काय सांगायचं? खरं सांग. 'आई, आम्ही दोघं बसून ठरवतोय, दिवाळीपर्यंत तुला सांगतो.' आईला तारीख दिली की ती रोज विचारायची थांबते, निदान आठवड्यातून एकदावर येते. मुलीच्या वडिलांना मात्र आत्ता मध्ये आणू नकोस. मोठी माणसं आली की बोलणं लग्नाच्या तारखेवर जातं, आणि तुमचा प्रश्न तारखेचा नाही.

मग आता पुण्याला जा. कॅफेत भेटायला नको. तिला म्हण, मला तुझा एक दिवस बघायचाय. सकाळी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतर, नवी पेठेत जा. अभ्यासिकेत तुला आत सोडणार नाहीत, पण दारातून दिसेल: दोन हात रुंद टेबल, मध्ये प्लायच्या आडभिंती, त्यावर चिकटवलेले कागद, खुर्चीवर घरून आणलेली उशी, पंख्याच्या आवाजाखाली साठ-सत्तर पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली. त्यातली एक खुर्ची तिची. ती दुपारी जिथे जेवते त्याच मेसमध्ये जेव. शास्त्री रोडला ती ज्या टपरीवर चहा पिते तिथे उभा राहा आणि तिच्या मैत्रिणी काय बोलतात ते ऐक. कट ऑफ, पुढची जाहिरात, कुणाचं घरून बोलावणं आलं, कुणी खोली सोडली. तुझ्या बागेत मजुरांची टोळी थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, बसते तेव्हा जशी सगळी बोलणी एकाच गोष्टीभोवती फिरतात, तसंच आहे ते. मग संध्याकाळी बोल. तिसरं पान वाचून दाखव.

तिलाही बोलाव. पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, तिची परीक्षा मध्ये येत नसेल तेव्हा. पाहुणी म्हणून ओटीवर बसवू नकोस. पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, घड बाहेर पडतानाचे दिवस असतात ना, आभाळ आलं की तुमची झोप उडते ते? तेव्हा तिने दोन दिवस तिथे असावं. पहाटे चारला उठून तू पानाखाली बॅटरी मारून डाऊनी रोग शोधतोस, ते तिने बघावं. मग तिने ठरवावं तू अडकलायस की नाही.

यातून असंही होईल, की दोघांना दोन वेगळी घरं हवी आहेत हे स्पष्ट दिसेल. तसं झालं तर वेगळे व्हा, समोर बसून, कुणाचंही पाप न काढता. मी ते शुभ समजून सांगत नाहीये, त्याचा त्रास मला माहीत आहे. फक्त एक पाळ: तिच्या मुख्य परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हे बोलणं काढू नकोस. काढणी चालू असताना तुझ्याशी असलं कुणी बोललं असतं तर तुझं काय झालं असतं?

काढणीनंतरची खरड छाटणी सुरू झाली की तुला महिनाभर हलता येणार नाही, म्हणून त्याआधीच जा. रविवार टाळ, टेस्ट बहुधा रविवारी असतात. अचानक जाऊन उभा राहू नकोस, विचारून जा. खोलीत चौघी राहतात म्हणालास, तर सगळ्यांना पुरेल एवढं ने. माल संपला असेल तर बेदाणा ने.

अवकाळीच्या रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेले तडकलेल्या मण्यांचे सहा फोटो तू मला पाठवलेस, तिला पाठवले नाहीस. ते तिला दाखव. आणि त्या दिवशीच्या टेस्टला तिला किती मार्क पडले ते विचार. चार पानांत ते कुठेच नाही.

– ताई